ऑडिओकोड्स मीडियंट ८००: हॉस्पिटलच्या फोनसाठी घेतलेला एसबीसी, आणि त्यातलं कॉल राउटिंग

पुण्यात एसबीसी (सेशन बॉर्डर कंट्रोलर, आपले फोन आणि टेलिकॉम कंपनी यांच्या मधे बसणारा डबा) घ्यायला निघालात तर सेल्सवाला आधी विचारतो किती सेशन (एका वेळी चालणारे कॉल) पाहिजेत, मग विचारतो मायक्रोसॉफ्ट टीम्स जोडायचंय का, आणि कोटेशन पाठवून देतो. कुठला नंबर कुठल्या लाइनने बाहेर जाणार, लाइन पडली तर कॉल कुठे वळणार, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतून सिस्टरने ११२ दाबला तर तो नक्की लागणार का, यातलं काहीच त्या कोटेशनमध्ये नसतं. एसबीसीचे पैसे वसूल होतात की नाही ते याच प्रश्नांवर ठरतं असं माझं ठाम मत झालंय, त्यामुळे या रिव्ह्यूत बॉक्सच्या स्पेसिफिकेशनपेक्षा त्याच्या राउटिंग टेबलबद्दलच जास्त लिहिणार आहे.

मी कोथरूडमधल्या एका मध्यम हॉस्पिटलचं नेटवर्क आणि फोन बघते. आमच्याकडे एक आयपी पीबीएक्स (आतली एक्स्टेंशन चालवणारं एक्स्चेंज) आहे, एक सिप ट्रंक (टेलिकॉम कंपनीची इंटरनेट पद्धतीची फोन लाइन) आहे, आणि एक जुनी पीआरआय (टेलिकॉम कंपनीची जुन्या पद्धतीची डिजिटल लाइन) आहे, ई१ वाली, ३० चॅनलची, म्हणजे एका वेळी ३० कॉलची, जी बंद करायची नाही असं मॅनेजमेंटने सांगून ठेवलंय, आणि बरोबरच आहे त्यांचं, इंटरनेट गेलं तरी हॉस्पिटलचा फोन वाजलाच पाहिजे. चिंचवडला एक छोटं ओपीडी सेंटर पण याच पीबीएक्सवर आहे. मीडियंट ८०० घ्यायचं मुख्य कारण हेच की एकाच डब्यात एसबीसी पण मिळतो आणि पीआरआयचा गेटवे (पीआरआय आणि सिप यांना जोडणारा भाग) पण, म्हणजे सिप ट्रंक आणि पीआरआय दोन्हीचं राउटिंग एका जागी लिहिता येतं.

ज्यांना एसबीसी हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सिप म्हणजे इंटरनेटवर कॉल जोडायची भाषा, तिचं सध्याचं मूळ स्टँडर्ड आरएफसी ३२६१, २००२ सालचं. एसबीसी आपलं नेटवर्क आणि टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क यांच्या मधोमध बसतो. तो कॉल नुसता पुढे ढकलत नाही, आपल्या बाजूचा कॉल स्वतःवर संपवतो आणि दुसऱ्या बाजूला स्वतः नवीन कॉल उभा करतो. त्यामुळे मधल्या मध्ये नंबर बदलणं, हेडर (कॉलसोबत जाणारी माहिती) बदलणं, कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) बदलणं, आतले आयपी लपवणं, नको तो कॉल दारातच थांबवणं, हे सगळं त्याच्या हातात असतं.

आता मूळ मुद्दा. या बॉक्समध्ये आत आलेल्या कॉलवर गोष्टी एका ठरलेल्या क्रमाने होतात आणि हा क्रम डोक्यात पक्का बसला की बाकी सगळं सोपं होतं. पहिलं क्लासिफिकेशन, म्हणजे हा कॉल कोणाकडून आला, कुठल्या आयपी ग्रुपचा (बॉक्समध्ये प्रत्येक बाजूला दिलेलं नाव), पीबीएक्सचा की ट्रंकचा की अनोळखी. दुसरं इनबाउंड मॅनिप्युलेशन, म्हणजे आलेल्या नंबरची काटछाट. तिसरं राउटिंग, कुठे पाठवायचा. आणि चौथं आउटबाउंड मॅनिप्युलेशन, म्हणजे जिथे चाललाय तिथल्या पद्धतीचा नंबर करणं. राउटिंगच्या आधी एक काटछाट आणि नंतर एक, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि मग राउटिंगच्या ओळीत नाही नाही ते पॅटर्न (नंबर ओळखायचे साचे) लिहीत बसतात.

राउटिंग टेबल म्हणजे आयपी टू आयपी राउटिंग नावाचं पान, सिग्नलिंग अँड मीडियाच्या खाली एसबीसी, त्याच्या खाली राउटिंग. ते वरून खाली वाचलं जातं आणि जी ओळ आधी जुळली ती लागू, खालच्या ओळींकडे बॉक्स बघतसुद्धा नाही. सिस्कोच्या क्यूब या एसबीसीवर काम केलेल्यांना इथे सवय बदलावी लागते, कारण तिथे डायल पीअर, म्हणजे तिथल्या राउटिंगच्या ओळी, डीफॉल्टला सगळ्यात लांब जुळणाऱ्या पॅटर्नला आधी मान देतात, तुम्ही कुठल्या क्रमाने लिहिलंय त्याला नाही. मला स्वतःला वरून खाली हीच पद्धत आवडते, कारण पान उघडलं की समोर दिसतं ते तसंच चालतं, रात्रीच्या ड्युटीवरच्या ज्युनिअर मुलालाही वाचून कळतं, मनातल्या मनात कुठला पॅटर्न जास्त लांब आहे याचा हिशोब करावा लागत नाही. पण मग क्रमाची सगळी जबाबदारी आपली.

आणि भारतातले नंबर या बाबतीत फार कसोटी बघतात, हे मला इथे नीट लिहायचंय कारण परदेशी मॅन्युअलमध्ये हे कुठेच मिळणार नाही.

पहिली गोष्ट शून्याची. जुन्या ईपीएबीएक्सपासून आपल्याकडे सवय आहे की बाहेरची लाइन घ्यायला ० दाबायचा. आमच्या वॉर्डातले मामा, मावशी, रिसेप्शनच्या ताई, सगळे वर्षानुवर्षं तसंच करतात. त्यात १५ जानेवारी २०२१ पासून नियम आला की लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर आधी ० लावलाच पाहिजे. म्हणजे माणूस दाबतो बाहेरच्या लाइनचा ०, मग मोबाइलचा ०, मग ९८ ने सुरू होणारा नंबर. एसबीसीला काय दिसतं? ००९८. आणि ०० म्हणजे आयएसडी, ९८ म्हणजे इराण. ९४ ने सुरू होणारा मोबाइल असेल तर श्रीलंका, ८८० ने असेल तर बांगलादेश. म्हणजे पेशंटच्या नातेवाइकाला लावलेला साधा फोन आयएसडीच्या ओळीत जाऊन अडकतो, आणि आयएसडी बंद असेल तर कॉल कट होतो, रिसेप्शनवरची ताई म्हणते नंबर लागत नाही, आणि आपण ट्रंकवाल्याला फोन करत बसतो ज्याचा काही संबंधच नाही. हे राउटिंगच्या ओळीत सोडवायला जाऊ नका. बाहेरच्या लाइनचा ० इनबाउंड मॅनिप्युलेशनमध्ये, पीबीएक्सकडून आलेल्या कॉलवरून, राउटिंगच्या आधीच काढून टाका. मग राउटिंग टेबलला जो नंबर दिसतो तो खरा नंबर असतो, ०० दिसलं तर ते खरंच आयएसडी असतं.

फक्त हा ० काढताना बघायचं की पीबीएक्स तो आधीच काढतोय का. दोघांनी काढला तर मोबाइलच्या पुढचा ० पण जातो. कोणी काढायचा हे एकदा ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट ११२. ही तर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घाबरलेला माणूस कधी नुसता ११२ दाबतो तर कधी सवयीने ०११२. आता ०११ म्हणजे दिल्ली, आणि दिल्लीच्या कितीतरी लँडलाइन ०११ नंतर २ ने सुरू होतात. म्हणजे ०११२ हा इमर्जन्सीचा कॉलही असू शकतो आणि दिल्लीच्या नंबरची सुरुवातही. या बॉक्समध्ये पॅटर्नच्या शेवटी # टाकलं की त्याचा अर्थ नंबर इथेच संपला, पुढे काही नाही. म्हणून, ० काढायचा नियम कधी लागू झाला नाही तरी अडू नये यासाठी, इमर्जन्सीची ओळ ११२# आणि ०११२# अशी दोन्हीसाठी लिहायची आणि टेबलात सगळ्यात वर ठेवायची. # विसरलं तर दिल्लीच्या २ ने सुरू होणाऱ्या नंबरचा प्रत्येक फोन पोलिस कंट्रोल रूमच्या दिशेने निघेल, आणि ओळ खाली ठेवली तर वरची एखादी मोठ्या तोंडाची ओळ ११२ गिळून टाकेल. १०८ आणि १०१ चंही तसंच. आणि हो, तीन आकडी एक्स्टेंशन वापरत असाल तर १०१, १०८, ११२ ही एक्स्टेंशन कोणालाही देऊ नका, पीबीएक्स तो कॉल आतल्या आत फिरवेल आणि एसबीसीपर्यंत येणारच नाही. आमच्याकडे म्हणूनच चार आकडी केली सगळी.

इमर्जन्सीसाठी अजून एक सोय आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, प्रीएम्प्शन. इमर्जन्सी कॉल कोणता ते कंडिशन लिहून सांगायचं, आणि मग सगळे सेशन भरलेले असतानाही तो आला तर बॉक्स एखादा साधा कॉल सोडून त्याला जागा देतो. डीफॉल्टला चालू नसतं, मुद्दाम करावं लागतं. हॉस्पिटल, शाळा, मोठी सोसायटी, कारखाना, कुणीही असा, हे चालू करा.

तिसरी गोष्ट मोबाइल आणि लँडलाइन वेगळं ओळखणं. बरेच जण लिहितात की ० नंतर ६ ते ९ मधला आकडा आणि पुढे नऊ आकडे म्हणजे मोबाइल. ऐकायला बरोबर वाटतं. पण नागपूरची लँडलाइन बघा, ०७१२ आणि पुढे सात आकडे, मोजले तर अकराच होतात आणि ० नंतर ७ येतो. अहमदाबाद ०७९, बंगळुरू ०८०, त्यांच्या पुढे आठ आकडे, परत अकरा. म्हणजे या तिन्ही शहरांच्या लँडलाइन बिनबोभाट मोबाइलच्या ओळीत शिरतात. मोबाइल आणि एसटीडी एकाच ट्रंकने जात असतील तर काही बिघडत नाही, पण दर वेगळे, ट्रंक वेगळी, किंवा एखाद्या विभागाला फक्त मोबाइल खुला आणि एसटीडी बंद असं असेल तर गोंधळ. मग ०७१२ ची ओळ मोबाइलच्या वर घ्यायची. ०७९ किंवा ०८० नुसतं लिहून मात्र चालत नाही, कारण ७९७२, ८०५५, ८०८७ असे आपल्याकडचे मोबाइल नंबर पण आहेत, तिथे पुढचे आकडे बघून लँडलाइन कुठली ते बारीक लिहावं लागतं.

असे पॅटर्न फार वाढले की टेबल वाचवेनासं होतं. त्यासाठी डायल प्लॅन नावाची सोय आहे आणि ती मला या बॉक्समधली सगळ्यात कामाची वाटली. एका फाइलमध्ये प्रीफिक्स (नंबरचे सुरुवातीचे आकडे) आणि त्याच्यापुढे टॅग लिहायचा, ०२० ला लोकल, ०२१३५ म्हणजे चाकण-राजगुरुनगर आणि ०२११४ म्हणजे लोणावळा-तळेगावकडचं, त्यांना जवळचं एसटीडी, नागपूरला एसटीडी, मोबाइलला मोबाइल, ०० ला आयएसडी, आणि राउटिंग टेबलात फक्त टॅगवर ओळी. ती फाइल इम्पोर्ट करता येते, म्हणजे एक्सेलमध्ये नीट बसून करता येते. टेबल मग इतकं छोटं होतं की एका स्क्रीनवर मावतं. टेबल एका स्क्रीनवर मावणं ही माझ्या मते चैन नाही, गरज आहे, कारण क्रमावर सगळं चालतं आणि क्रम एका नजरेत दिसला तरच चूक दिसते.

आता ट्रंक पडल्यावर काय, म्हणजे अल्टरनेटिव्ह राउटिंग. राउटिंगची मुख्य ओळ लिहायची, तिच्या लगेच खाली दुसरी ओळ लिहायची आणि तिचा प्रकार अल्टरनेटिव्ह रूट करायचा. त्यातही दोन प्रकार आहेत, एक इनपुट न बघता थेट वळणारा आणि एक परत अटी तपासणारा. आमची मुख्य ओळ सिप ट्रंकवर जाते आणि खालची गेटवेकडे, म्हणजे पीआरआयवर.

पण ट्रंक पडली हे बॉक्सला कळणार कसं? सिपमध्ये नुसती वाट बघायची ठरवली तर यूडीपीवर (पोच न घेता डेटा पाठवायची पद्धत) इन्व्हाइटचा, म्हणजे कॉल लावायच्या विनंतीचा, टायमर स्टँडर्डप्रमाणे ३२ सेकंद चालतो, अर्धा सेकंद गुणिले ६४. ३२ सेकंद कानाला शांत फोन धरून कोण थांबतं, लोक दहाव्या सेकंदाला ठेवून देतात. म्हणून प्रॉक्सी सेटमध्ये (ट्रंकच्या सर्व्हरचा पत्ता लिहायची जागा) कीप अलाइव्हसाठी ‘ऑप्शन्स’ हा पर्याय निवडा, मग बॉक्स स्वतःच ठरावीक वेळाने, डीफॉल्ट ६० सेकंदांनी, ट्रंकला जिवंत आहेस का विचारत राहतो, उत्तर नाही आलं की ती ट्रंक ऑफलाइन धरतो आणि नवीन कॉल थेट खालच्या ओळीवर जातात, माणसाला कळतही नाही. आमच्या हॉस्पिटलसाठी ६० सेकंद मला जास्त वाटले म्हणून कमी केले, पण त्याआधी ट्रंकवाल्याला विचारून घ्या, काही जणांना सारखी विचारणा चालत नाही.

आणि दुसरी परिस्थिती जास्त फसवी असते. ट्रंक विचारणेला व्यवस्थित उत्तर देते पण कॉल पाठवला की ५०३ (सेवा उपलब्ध नाही) परत. म्हणजे समोरचा सर्व्हर जिवंत आहे, त्याच्या मागचं काहीतरी मेलंय. आमच्या ट्रंकवाल्याकडे हे एका संध्याकाळी झालं, ओपीडीची गर्दी असतानाच, आणि त्यांच्या हेल्पडेस्कवरून सांगत होते की आमच्याकडून सगळं हिरवं दिसतंय. इथे अल्टरनेटिव्ह रीझन्सचं टेबल कामाला येतं, कुठला एरर कोड आला की पर्यायी ओळ धरायची ते तिथे सांगायचं. ४०८ (वेळेत उत्तर नाही) आणि ५०३ घालाच. ४८६ घालू नका, तो बिझी आहे, बिझी माणूस पीआरआयवरूनही बिझीच असणार. ४०४ पण मी घालत नाही, चुकीचा नंबर दोनदा लावून उपयोग काय. काही इंटिग्रेटर (बॉक्स बसवून देणाऱ्या कंपन्या) सरसकट सगळे ४ आणि ५ ने सुरू होणारे कोड घालून मोकळे होतात, मग चुकीच्या नंबरसाठी सुद्धा आधी सिपवर आणि मग पीआरआयवर प्रयत्न होतो आणि फोन करणाऱ्याला उगाच वाट बघावी लागते.

इथेच सगळ्यात जास्त ठिकाणी गाडी अडकते ती गोष्ट सांगते. पर्यायी ओळ लिहिली, टेस्ट केली नाही, आणि खरी वेळ आली तेव्हा पीआरआयवर कॉल गेला पण लागला नाही. कारण नंबरचं रूप. आमची सिप ट्रंक मागते +९१ लावून पूर्ण नंबर, म्हणजे +९१ २० आणि आठ आकडे, मोबाइलला +९१ आणि दहा आकडे. पीआरआय +९१ घेत नाही, तिला लोकल नुसते आठ आकडे पाहिजेत आणि मोबाइलला आधी ०. म्हणजे तोच कॉल दोन रस्त्यांनी जाताना दोन वेगळ्या कपड्यांत गेला पाहिजे. म्हणूनच आउटबाउंड मॅनिप्युलेशन राउटिंगच्या नंतर होतं ही रचना मला इतकी बरोबर वाटते, कॉल कुठे जाणार हे नक्की झाल्यावरच त्याला तिथला वेश चढवायचा. सिप ट्रंकच्या आयपी ग्रुपसाठी एक नियम, आणि गेटवेच्या बाजूला पीआरआयसाठी त्याचं स्वतःचं नंबर मॅनिप्युलेशनचं टेबल असतं, तिथे दुसरा. कॉलर आयडीचंही हेच, ट्रंकवर आपल्याला दिलेल्या डीआयडीपैकीच (थेट एक्स्टेंशनला लागणारे नंबर) नंबर दाखवायचा असतो, भलताच दाखवला तर बहुतेक ठिकाणी ४०३, म्हणजे परवानगी नाही, मिळतो. पीआरआयवर पीआरआयचा पायलट, म्हणजे मुख्य, नंबर.

आमचं पहिलं इन्स्टॉलेशन ज्या इंटिग्रेटरने केलं, नाव घेत नाही, त्याने राउटिंगमध्ये मुळात एकच ओळ ठेवली होती, सोर्स कोणीही, डेस्टिनेशन काहीही, जा ट्रंकवर. डेमोला मस्त चालतं. पण विचार करा, सोर्स कोणीही म्हणजे ट्रंककडून आत आलेला कॉलसुद्धा परत ट्रंकवरून बाहेर जाऊ शकतो, आणि क्लासिफिकेशन ढिलं असेल तर इंटरनेटवरचा कुठलाही माणूस आपल्या पैशांनी आयएसडी करू शकतो. सिपचे पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनर इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, सिपचा नेहमीचा पोर्ट ५०६० उघडा दिसला की नंबर लावून बघायला लागतात. म्हणून प्रत्येक ओळीत सोर्स आयपी ग्रुप लिहाच, पीबीएक्सकडून आलेलं बाहेर जाईल, ट्रंककडून आलेलं फक्त पीबीएक्सकडे जाईल, तिसरा कोणी असेल तर दारातच नकार. ओळखता न आलेले कॉल नाकारणं डीफॉल्टला चालू असतं, ते कोणी कितीही म्हटलं तरी बंद करू देऊ नका. नेहमीच्या स्कॅनर टूल्सच्या सह्या ओळखणारं एक मॅलिशियस सिग्नेचर टेबल भरलेलंच येतं, ते वापरा. आयएसडी फक्त ज्या दोन-चार एक्स्टेंशनला खरंच लागतं त्यांनाच, आणि ॲडमिन, ॲडमिन हा डीफॉल्ट लॉगिन पहिल्या दिवशी बदला.

चॅनलची मर्यादा पण इथेच लावता येते. ट्रंकवर जेवढे चॅनल घेतलेत तेवढाच आकडा कॉल ॲडमिशन कंट्रोलमध्ये टाका आणि तो भरला की पर्यायी रस्ता धरायला सांगा, म्हणजे जास्तीचा कॉल ट्रंकवाल्याने नाकारायची वाट न बघता बॉक्स स्वतःच पीआरआयवर टाकतो.

ज्यांच्या शाखा वेगवेगळ्या शहरात आहेत त्यांना एक कळकळीची सूचना. राउटिंग टेबल बघितलं की मोह होतो, पुण्याच्या माणसाने मुंबईचा लँडलाइन लावला तर आपल्या डेटा लाइनवरून मुंबईच्या ऑफिसात न्या आणि तिथल्या ट्रंकवरून बाहेर काढा, एसटीडी वाचलं. बॉक्समध्ये हे सहज लिहिता येतं, पण याला टोल बायपास म्हणतात आणि भारतात परवानगी नाही. ओएसपीचे (कॉल सेंटरसारख्या सेवा देणाऱ्यांचे) नियम २०२० च्या नोव्हेंबरात आणि २०२१ च्या जूनमध्ये बरेच सैल झाले, तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटतं की आता सगळंच चालतं, तसं नाहीये, बायपासची बंदी आहे तशीच आहे. चिंचवड पण ०२० मध्येच असल्यामुळे आमच्यापुढे हा प्रश्न आला नाही, पण नाशिक, कोल्हापूर, मुंबई अशा शाखा असतील तर टेबल लिहायच्या आधी आपल्या टेलिकॉम कंपनीशी लेखी बोलून घ्या.

वापरायला कसा आहे. वेब पान बरं आहे, टोपॉलॉजी व्ह्यू नावाचं एक चित्र येतं त्यात वर कोण, खाली कोण, कुठून कुठे ओळ जाते ते दिसतं, नवीन माणसाला समजवायला फार उपयोगी. ओळी वर-खाली सरकवायला बाण आहेत, मधे ओळ घुसवता येते. बदल लगेच लागू होतो पण सेव्ह केल्याशिवाय फ्लॅशमध्ये जात नाही, सेव्ह राहिलं असेल तर बटणाभोवती लाल चौकट येते, ती दिसत असताना पान बंद करायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी लाइट जाऊन बॉक्स रीस्टार्ट झाला की जुनं सेटिंग परत. विजेची खूण असलेली सेटिंग रीस्टार्टनंतरच लागतात, ती दिवसा बदलू नका. मॅन्युअल हजार पानांच्या वर आहे, पूर्ण वाचायची गरज नाही, आयपी ग्रुप, प्रॉक्सी सेट, क्लासिफिकेशन, राउटिंग आणि मॅनिप्युलेशन एवढी प्रकरणं शांतपणे वाचली तरी काम होतं. पण पर्याय खूप आहेत हे खरंय, एका आयपी प्रोफाइलच्या (प्रत्येक बाजूच्या कॉलची बारीक सेटिंग) पानावर इतके रकाने की नवीन माणूस दबकतो. माहीत नाही ते रकाने डीफॉल्टला राहू द्या, ते बहुतेक वेळा बरोबर असतात.

कॉल का गेला, कुठे गेला, हे शोधायला कंपनीचा सिसलॉग व्ह्यूअर (बॉक्सच्या नोंदी दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो. त्यात कॉलची शिडी उभी दिसते, इन्व्हाइट गेलं, १०० (विनंती मिळाली) आलं, १८३ (कॉल पुढे सरकतोय) आलं, ५०३ आलं, आणि मधे बॉक्सने काय ठरवलं तेही. माझ्यासाठी एसबीसी निवडताना यापुढे हाच पहिला निकष असेल. रात्री फोन आला की नंबर लागत नाही, तेव्हा अंदाज लावत बसायचं नसतं, कॉल कुठल्या ओळीला जुळला ते बघायचं असतं. डिबग लेव्हल (नोंदी किती बारीक लिहायच्या ते) मात्र काम झालं की खाली आणा, बॉक्सवर विनाकारण ताण येतो. टेस्ट कॉलची सोय पण आहे, बॉक्स स्वतःच कॉल लावून बघतो, ट्रंक बदलल्यावर किंवा टेबलात ओळ घुसवल्यावर मी ती चालवतेच. आणि पर्यायी रस्त्याची टेस्ट ट्रंकची वायर खरोखर काढून करा, रात्री ओपीडी बंद झाल्यावर, मोबाइल, लोकल, नागपूरसारखा एसटीडी, सगळे प्रकार लावून.

कोणी घेऊ नये? दहा-पंधरा एक्स्टेंशनचं ऑफिस, एकच ट्रंक, फेलओव्हर (लाइन पडल्यावर पर्यायी रस्ता) नको, तर याची गरज नाही, पीबीएक्समधलंच राउटिंग आणि नीट लावलेली फायरवॉल पुरते. लिनक्समध्ये हात बसलेला माणूस घरचाच असेल तर कमाइलिओ आणि फ्रीस्विच या फुकट सॉफ्टवेअरवर पण हे सगळं उभं राहतं, खर्च कमी, पण तो माणूस सोडून गेला तर पुढचा माणूस शोधायला वेळ लागतो. हॉस्पिटल, कॉल सेंटर, हिंजवडी-खराडीकडची मध्यम कंपनी, जिथे दोन ट्रंक आहेत किंवा जुनी पीआरआय सांभाळून सिपवर जायचंय, त्यांनी नक्की घ्यावा, मी परत घ्यायचा झाला तर हाच घेईन.

घेताना कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या. सेशन किती ते तर असतंच, पण ट्रान्सकोडिंग लागणार असेल, म्हणजे एका बाजूला जी ७११ आणि दुसऱ्या बाजूला दुसरा कोडेक, तर त्याची क्षमता आणि लायसन्स वेगळं विचारा. इंटिग्रेटरकडून राउटिंग टेबल आणि डायल प्लॅनची फाइल हँडओव्हरच्या दिवशी हातात घ्या, आणि आयएनआय फाइलवर (सेटिंगची साधी फाइल) थांबू नका, टीएलएसची (कॉल कूटबद्ध करायची) सर्टिफिकेट त्यात येत नाहीत, पूर्ण कॉन्फिगरेशन पॅकेज मागा आणि बॉक्सच्या बाहेर दोन ठिकाणी ठेवा. आणि लायसन्स की त्या बॉक्सच्या सीरियल नंबरला बांधलेली असते, बॉक्स बदलला की ती चालत नाही, म्हणून स्पेअर ठेवायचा विचार असेल तर त्याचं लायसन्स पण त्याच कोटेशनमध्ये टाकायला सांगा.